प्रॉडक्शनवर आत्ता नेमकं काय आहे?

‘अहो साहेब, हे तुम्ही मागच्या महिन्यात दुरुस्त केलं होतंत ना?’

फोन एका गृहनिर्माण संस्थेच्या मॅनेजरांचा होता. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो, ती संस्थांची मेंटेनन्सची बिलं काढणारं सॉफ्टवेअर चालवायची. थकबाकीवर सरळव्याज लागायला हवं, तर आमचा कोड व्याजावरही व्याज लावत होता. ही चूक आम्ही महिन्यापूर्वी रात्री साडेदहाला प्रॉडक्शनवर दुरुस्त केली होती आणि बिलं बरोबर निघाली होती. मग नवी आवृत्ती गेली आणि चूक जशीच्या तशी परत आली. कारण सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दुरुस्ती प्रॉडक्शनच्या ब्रँचवर झाली होती, ती मेनवर कुणी आणलीच नव्हती. नवी आवृत्ती मेनवरून निघाली आणि जुनं दुखणं सोबत घेऊन गेली.

त्या दिवसापासून कुठल्याही टीममध्ये गेलो की मी पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो: प्रॉडक्शनवर आत्ता नेमका कुठला कोड चालू आहे? अर्ध्या मिनिटात उत्तर आलं तर बाकीचं जमण्यासारखं असतं. ‘बहुतेक मेनच असेल’ असं उत्तर आलं तर पुढचं सगळं वाचायला हवं. ब्रँच, टॅग, मर्ज हा सारा व्याप या एका प्रश्नाचं उत्तर कायम हाताशी राहावं म्हणून आहे.

आधी ब्रँचची किंमत समजून घ्या

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं. त्यात ब्रँच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारी चिठ्ठी असते, बाकी काही नाही. नवा कमिट झाला की चिठ्ठी पुढे सरकते. त्यामुळे ब्रँच काढायला काहीच लागत नाही, आणि म्हणूनच लोक त्या उदंड काढतात. खर्च नंतर सुरू होतो. दोन ब्रँच जितके दिवस वेगळ्या राहतील तितकी त्यांना एकत्र आणायची मेहनत वाढते.

व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० साली एक पद्धत मांडली, ती ‘गिटफ्लो’ म्हणून जगभर पसरली. त्यात मास्टर, डेव्हलप, फीचर, रिलीज, हॉटफिक्स अशा पाच प्रकारच्या ब्रँच असतात. आपल्याकडे मुलाखतीत आजही तिची आकृती काढायला सांगतात. गंमत म्हणजे खुद्द ड्रिसेन यांनी २०२० साली त्या लेखाच्या माथ्यावर टीप जोडली. सतत डिप्लॉय होणाऱ्या वेब ॲप्लिकेशनसाठी यापेक्षा साधी पद्धत घ्या, आणि ज्या सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी लोकांच्या हातात असतात त्यासाठी ही अजून ठीक आहे, असा त्या टिपेचा आशय. ती टीप वाचलेले लोक मला फार भेटत नाहीत.

मी इथे मधला रस्ता सांगतो. चार-सहा जणांची टीम, एकच प्रॉडक्शन, दर पंधरा दिवसांनी रिलीज. मेन ही एकच कायमची ब्रँच. फीचर आणि रिलीज या तात्पुरत्या. आणि प्रॉडक्शनवर गेलेल्या प्रत्येक गोष्टीवर टॅग. तुम्ही दिवसातून चार वेळा डिप्लॉय करत असाल तर रिलीज ब्रँचही नको, थेट मेनवरून जा. उलट प्रत्येक ग्राहकाच्या सर्व्हरवर वेगळी आवृत्ती बसवलेली असेल, तर रिलीज ब्रँच वर्षानुवर्षं जगवाव्या लागतील. ते दुखणं वेगळं.

पहिलं काम: पंचनामा

नवी पद्धत सुरू करण्याआधी सर्व्हरवर जाऊन पाहा. जुन्या पीएचपी किंवा पायथनच्या प्रकल्पात कुणीतरी कधीतरी थेट सर्व्हरवरच फाइल उघडून दोन ओळी बदललेल्या असतात, हे गृहीत धरा. सर्व्हरवरचा कोड उतरवून घ्या, रिपॉझिटरीत वेगळ्या ब्रँचवर ठेवा आणि मेनशी डिफ काढा. जो फरक दिसेल त्यातल्या प्रत्येक ओळीचा निर्णय घ्या: मेनवर आणायची, की टाकून द्यायची. जावासारख्या भाषेत सर्व्हरवर बिल्ड झालेली फाइल असते, तिथे अशी तुलना अवघड जाते. मग सरळ एक माहितीतला कमिट घ्या, त्याचा बिल्ड नीट तपासून एकदा प्रॉडक्शनवर चढवा आणि तिथून हिशेब सुरू करा.

जे चालू आहे त्यावर टॅग मारा. टॅग हीसुद्धा चिठ्ठीच, पण न सरकणारी. ‘गिट टॅग’ला ‘मायनस ए’ हा पर्याय दिला की कुणी, कधी, कशासाठी मारला हेही त्यात नोंदलं जातं. एक जागा मात्र ठेच लागण्याची आहे. साध्या ‘गिट पुश’बरोबर टॅग जात नाहीत, ते नाव घेऊन वेगळे पाठवावे लागतात. टॅग मारणाऱ्याच्या लॅपटॉपवरच राहिलेले टॅग मी पाहिले आहेत, आणि तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर ते शोधलेही आहेत.

याच दिवशी आणखी एक करा. बिल्ड होताना ‘गिट डिस्क्राइब’चं उत्तर एका फाइलमध्ये लिहून घ्या आणि ते लॉगिनच्या पानावर खाली बारीक अक्षरात दाखवा. या आज्ञेतून जवळचा टॅग, त्यानंतर झालेल्या कमिटची संख्या आणि कमिटच्या ओळखक्रमांकाची सुरुवातीची अक्षरं मिळतात. अर्ध्या तासाचं काम आहे.

मेनला कुलूप

गिटहब असो की गिटलॅब, संरक्षित ब्रँचची सोय दोन्हीकडे आहे. मेनवर थेट पुश बंद, फोर्स पुश बंद, किमान एकाचा रिव्ह्यू आणि टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज नाही, एवढं लावा. नियमातून ॲडमिनला मिळणारी सूटही बंद करा. माझ्या अनुभवात घाईघाईने थेट पुश मारणारा बहुतेक वेळा टीम लीडच असतो. मीही मारलेला आहे.

फीचर ब्रँच मेनवरून काढा, नावात तिकिटाचा नंबर ठेवा, दोन-तीन दिवसांत परत मेनमध्ये आणा. काम मोठं असेल तर ब्रँच लांबवू नका, कामाचे तुकडे पाडा आणि अर्धवट भाग फीचर फ्लॅगमागे झाकून मेनमध्ये येऊ द्या. फ्लॅगला नवं नाव द्या, जुन्या फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका. का, ते पुढे येईलच.

रिलीज ब्रँच

समजा मंगळवारी २.४ आवृत्ती जायची आहे. आधीच्या गुरुवारी सकाळी मेनवरून ‘रिलीज/२.४’ ही ब्रँच काढा. त्या क्षणापासून मेन २.५ साठी मोकळी झाली, कुणाचं काम अडत नाही. ब्रँच काढण्याआधी ‘गिट लॉग’ला प्रॉडक्शनचा टॅग आणि मेन यांच्यामध्ये दोन टिंबं देऊन विचारा, म्हणजे व्ही२.३.० टिंब टिंब मेन. प्रॉडक्शनवर नसलेले आणि मेनवर असलेले सगळे कमिट समोर येतात. ही यादी टेस्टरला द्या, प्रॉडक्ट मॅनेजरला द्या. ‘हे पण जाणार आहे?’ हा प्रश्न मंगळवारी रात्री येण्यापेक्षा गुरुवारी सकाळी आलेला बरा.

रिलीज ब्रँचवर फक्त दुरुस्त्या जातात. नवं फीचर नाही, ‘सहज दिसलं म्हणून’ केलेली साफसफाई नाही, लायब्ररीची नवी आवृत्ती नाही. दबाव येणारच. शुक्रवारी दुपारी सेल्सवाला येऊन म्हणणार, ‘एवढं एकच बटण आहे, ग्राहकाला शब्द दिलाय.’ तत्त्वं सांगून हा माणूस परत जात नाही, वेळापत्रक दाखवलं की जातो. दादर स्टेशनवर लोकल चुकली म्हणून कुणी रुळावर उतरत नाही, कारण पुढची चार मिनिटांत आहे. रिलीज तीन महिन्यांतून एकदा असेल तर तुम्हालाही नाही म्हणता येणार नाही. पंधरा दिवसांनी असेल तर ‘पुढच्या गाडीत बसवतो’ म्हणणं सोपं जातं.

टेस्टिंगमध्ये दोष सापडला तर दुरुस्ती आधी कुठे करायची? माझं उत्तर ठाम आहे: आधी मेनवर. तिथे रिव्ह्यू होऊन मर्ज झाली की तो कमिट ‘चेरी-पिक’ करून रिलीज ब्रँचवर घ्या. लिनक्स कर्नलच्या स्टेबल आवृत्त्यांचा नियमही असाच आहे. लिनस यांच्या मुख्य शाखेत दुरुस्ती आल्याशिवाय ती स्टेबलमध्ये सहसा घेतली जात नाही. या क्रमाचा फायदा विसरभोळेपणाशी संबंधित आहे. आधी मेनवर केली आणि रिलीजवर न्यायची विसरलात, तर टेस्टर त्याच दिवशी ओरडेल. आधी रिलीजवर केली आणि मेनवर आणायची विसरलात, तर कुणीच ओरडणार नाही. पुढच्या महिन्यात संस्थेच्या मॅनेजरांचा फोन येईल.

चेरी-पिक करताना ‘मायनस एक्स’ पर्याय द्या, म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात आपोआप लिहिला जातो. कधीकधी मेनवर तो कोड इतका बदललेला असतो की तिथे दोषच उरलेला नसतो. तेव्हा दुरुस्ती थेट रिलीजवर करा, पण तसं तिकिटात लिहा. आणि रिलीजच्या आदल्या दिवशी ‘गिट चेरी’ चालवा, आधी मेनचं नाव आणि मग रिलीज ब्रँचचं. रिलीजवरच्या ज्या कमिटची बरोबरी मेनवर आहे त्याच्यापुढे वजाचं चिन्ह येतं, ज्याची नाही त्याच्यापुढे अधिकचं. अधिकच्या प्रत्येक ओळीचं स्पष्टीकरण हवं. चेरी-पिक करताना कॉन्फ्लिक्ट सोडवला असेल तर बरोबरी असूनही अधिक दिसू शकतं, तेवढं डोळ्यांनी पाहून घ्या.

वातावरणाला ब्रँच नको

आता जरा भांडायचं आहे. आपल्याकडच्या पुष्कळ सेवा कंपन्यांत डेव्ह, क्यूए, यूएटी, प्रॉड अशा चार कायमच्या ब्रँच असतात आणि कोड डेव्हमधून क्यूएमध्ये, क्यूएमधून यूएटीमध्ये मर्ज होत वर चढतो. दिसायला हे शिस्तीचं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक मर्जला नवा कमिट तयार होतो आणि प्रत्येक पायरीवर नवा बिल्ड. यूएटीवर ग्राहकाने तपासला तो एक बिल्ड, प्रॉडवर गेला तो दुसरा. मध्ये एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली, मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट चुकीचा सुटला, की तपासलेलं एक आणि गेलेलं भलतंच. त्यात ‘हे तिकीट यूएटीला थांबवा, त्याच्या मागचं पुढे जाऊ द्या’ असा निरोप आला की चेरी-पिकांची खिचडी होते आणि चारही ब्रँच एकमेकींना ओळखेनाशा होतात.

त्यापेक्षा बिल्ड एकदाच करा. रिलीज ब्रँचच्या टोकावर ‘व्ही२.४.०-आरसी१’ असा टॅग मारा, त्याचा एक बिल्ड काढा, तोच स्टेजिंगवर ठेवा. दोष निघाले, दुरुस्त्या आल्या, की आरसी२. ज्या आरसीला टेस्टरने होकार दिला त्याच कमिटवर ‘व्ही२.४.०’ टॅग मारा आणि तोच बिल्ड, बाइटमागे बाइट तोच, प्रॉडक्शनवर न्या. पुन्हा कंपाइल करायचं नाही. यामुळे लॉगिनच्या पानावर आरसीचंच नाव राहू नये म्हणून ते डिप्लॉयच्या वेळी बाहेरून द्या आणि शेजारी कमिटचा क्रमांक दाखवा, तो दोन्हीकडे एकच असतो. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पेमेंट गेटवेची किल्ली या गोष्टी वातावरणागणिक बदलतात, त्याही कोडच्या बाहेर असल्या पाहिजेत. रिपॉझिटरीत तर मुळीच नकोत.

एकदा पाठवलेला टॅग हलवू नका. चुकीच्या कमिटवर पडला तर व्ही२.४.१ काढा, आकडे फुकट आहेत. हलवलेला टॅग इतरांच्या मशीनवर आपोआप बदलत नाही. मग एकाच नावाखाली दोघांकडे दोन वेगळे कोड असतात, आणि ही गोष्ट लक्षात येते ती भलत्याच वेळी.

डेटाबेस मागे येत नाही

कोड पाच मिनिटांत मागे नेता येतो, टेबलातून उडवलेला कॉलम नाही. म्हणून डेटाबेसचा बदल एका रिलीजमध्ये उरकायचा नाही. समजा ‘व्याज’ हा एक कॉलम काढून ‘चालू व्याज’ आणि ‘मागील व्याज’ असे दोन करायचे आहेत. २.४ मध्ये फक्त नवे कॉलम वाढवा, जुना तसाच ठेवा, आणि कोड दोन्हीकडे लिहू द्या. जुन्या नोंदी सावकाश नव्या कॉलमात भरून घ्या. २.५ मध्ये वाचन नव्या कॉलमांवर आणा, लिहिणं मात्र दोन्हीकडे चालू ठेवा. जुन्या कॉलमात लिहिणं २.६ मध्ये थांबवा. तो कॉलम २.७ मध्ये, आणि तोही एक महिनाअखेर सुखरूप पार पडल्यावर काढा. हे लांबण लावल्यासारखं वाटतं खरं. पण त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर आधीची आवृत्ती नव्या डेटाबेसवर चालू शकते, म्हणजे मागे यायचा रस्ता उघडा राहतो. एकाच रिलीजमध्ये नाव बदलणारी स्क्रिप्ट रिव्ह्यूला आली तर मी ती डोळे झाकून परत पाठवतो.

रिलीजचा दिवस

मंगळवार किंवा बुधवार, सकाळी अकरा. शुक्रवारी संध्याकाळी नाही, गणपतीच्या आदल्या दिवशी नाही, आणि आमच्या बाबतीत महिन्याच्या २८ पासून पुढच्या ३ तारखेपर्यंत नाही, कारण बिलं तेव्हा निघतात. तुमच्या धंद्याचं असं पंचांग आधी मांडून ठेवा. डिप्लॉय एक माणूस करेल, दुसरा शेजारी बसून पाहील. आधीच्या टॅगचं नाव आणि मागे जाण्याची आज्ञा समोर कागदावर लिहिलेली असू द्या. चढवल्यावर प्रत्येक सर्व्हरवर आवृत्ती विचारून खात्री करा. एकावर पाहून ‘सगळीकडे झालं’ म्हणू नका.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला तेव्हा त्यांच्या आठ सर्व्हरपैकी सातवर नवा कोड गेलेला होता, आठव्यावर राहिला होता. नव्या कोडने एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा केला आणि तो बेलगाम ऑर्डर पाठवत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झालं. त्यातही घाबरून केलेला एक उपाय अंगावर आला: ज्या सातांवर नवा कोड नीट बसला होता तिथून तो काढून टाकला गेला, आणि आठवा सर्व्हर जे करत होता तेच सातही करू लागले. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे माहीत नसताना मागे जाणंही धोक्याचं असतं.

मागे जाणं आणि हॉटफिक्स

रिलीजनंतर गडबड दिसली तर आधी प्रॉडक्शनवर मागचा टॅग चढवा, कारण नंतर शोधा. मागच्या टॅगचा बिल्ड जपून ठेवलेला असेल तर यात गिटला हात लावायची गरजच नाही. लोकांचं काम सुरू झाल्यावर चहा घ्या आणि मग मेनकडे वळा.

मेनवरून सदोष फीचर काढायचं असेल तर ‘गिट रिव्हर्ट’ वापरा, इतिहास पुसू नका. मर्ज कमिट रिव्हर्ट करताना ‘मायनस एम १’ द्यावं लागतं, म्हणजे मेनची बाजू कुठली ते गिटला कळतं. इथे एक चकवा आहे आणि त्यात अनुभवी माणसंही फिरत राहतात. रिव्हर्टमुळे कोड जातो, पण ती ब्रँच मर्ज झाल्याची नोंद इतिहासात राहते. फीचर दुरुस्त करून तीच ब्रँच पुन्हा मर्ज केलीत तर फक्त नवे कमिट येतील, जुने येणार नाहीत, कारण गिटच्या मते ते आधीच आलेले आहेत. अर्धं फीचर गायब आणि बऱ्याचदा कॉन्फ्लिक्टही नाही. यावर उपाय म्हणजे आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करायचं, मग दुरुस्ती मर्ज करायची.

मागे जाता येत नसेल किंवा दोष आधीपासूनचाच असेल तर हॉटफिक्स. तो काढायचा प्रॉडक्शनच्या टॅगवरून, मेनवरून नव्हे. मेनवर तोपर्यंत २.५ ची अर्धी कामं आलेली असतात आणि ती व्याजाच्या दुरुस्तीसोबत रात्री लपून प्रॉडक्शनवर जायला नकोत. व्ही२.४.० वरून ब्रँच काढा, मेनवर झालेली दुरुस्ती चेरी-पिक करा, बिल्ड काढून स्टेजिंगवर दहा मिनिटं का होईना तपासा, व्ही२.४.१ टॅग मारा आणि चढवा. आग इतकी मोठी असेल की मेनच्या रिव्ह्यूला थांबता येत नाही, तर उलट्या क्रमाने करा. मात्र डिप्लॉय चालू असतानाच मेनकडचा पुल रिक्वेस्ट उघडून ठेवा आणि तो मर्ज होईपर्यंत तिकीट बंद करू नका. ‘उद्या सकाळी आणतो’ असं म्हणणारा रात्री साडेदहाचा माणूस मीच होतो.

सगळं स्थिरावलं की रिलीज आणि हॉटफिक्सच्या ब्रँच पुसून टाका. टॅग आहेत, त्यामुळे काहीही हरवत नाही. पुन्हा गरज पडली तर टॅगवरून ब्रँच काढायला एक ओळ लागते.

त्या संस्थेच्या मॅनेजरांचे फोन पुढेही येत राहिले. पण लॉगिनच्या पानावर आवृत्ती दिसायला लागल्यावर त्यांच्या बोलण्यात फरक पडला. एका सकाळी फोन उचलला तर नमस्कारही न करता म्हणाले, ‘इथे खाली दोन-चार-एक लिहिलंय. म्हणजे व्याजाचं आलंय ना यात? मग मी बिलं छापायला घेतो.’